नाव कुणाचं, गाडी कुणाची : मर्सिडीजचा इतिहास आणि तिची ओढ



आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी आम्हाला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, सर, तत्त्वज्ञानाचा माणूस मोटारगाडीवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही उमेदीची वर्षं सायकलवर काढली, पुढे स्कूटर घेतली, आणि आता मुलगा नेईल तिथे त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून जातो. मर्सिडीज आमच्या दारात कधी उभी राहिली नाही आणि राहणारही नाही. तेव्हा इंजिन किती ताकदीचं, अ‍ॅव्हरेज किती, हे ऐकायला कुणी आलं असेल तर त्यांची निराशा होईल, हे आधीच सांगून टाकतो.

या विषयात आम्ही शिरलो ते एका आडनावामुळे. एम.ए.ला असताना कायद्याचं तत्त्वज्ञान वाचताना गेऑर्ग येलिनेक हे नाव आमच्यासमोर आलं. हायडेलबर्गचे प्राध्यापक, राज्यशास्त्राच्या आणि न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित. माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांची सनद कुठून आली, यावर त्यांचा १८९५ सालचा एक छोटा पण फार गाजलेला ग्रंथ आहे. त्यांची आणखी एक कल्पना आमच्या डोक्यात कायमची बसली : वस्तुस्थितीचं नियामक सामर्थ्य. म्हणजे असं बघा, एखादी गोष्ट वर्षानुवर्षं घडत आली, की माणसं हळूहळू मानायला लागतात की ती तशीच घडायला हवी. ‘आहे’चं ‘असावं’ होतं. सवयीचा नियम होतो. सासूबाई करायच्या म्हणून सून करते, यातलंच ते.

पुढे बऱ्याच वर्षांनी आम्हाला कळलं, की मर्सिडीज हे गाडीचं नाव ज्या मुलीवरून आलं ती या गेऑर्ग येलिनेकांची सख्खी पुतणी. आम्ही थोडे हबकलोच. हक्कांच्या सनदेवर लिहिणारा एक भाऊ आणि दुसऱ्या भावाच्या लेकीचं नाव जगातल्या सगळ्यात मानाच्या गाडीला! तिथून आम्ही खोदत गेलो. जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पण येलिनेक घराण्याकडे जाण्याआधी मुळापासून सुरुवात करायला हवी. आणि मुळाशी एक बाई आहे.

कार्ल बेंझ १८४४ सालचा. वडील रेल्वे इंजिनाचे चालक, मुलगा दोन वर्षांचा असतानाच वारले. आईने हालअपेष्टा सोसून मुलाला कार्लस्रूहच्या तंत्रशाळेत शिकवलं. १८७१ मध्ये त्याने मानहाइमला भागीदारीत एक कारखाना काढला. भागीदार काही भरवशाचा निघाला नाही. त्याला पैसे देऊन मोकळं करणं भाग होतं आणि कार्लच्या खिशात काही नव्हतं. त्याचं लग्न ठरलं होतं फोर्त्सहाइमच्या बर्था रिंगरशी. तिने वडिलांकडे आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि भागीदाराची रक्कम भागवली. हुंडा म्हटल्यावर आपल्याकडे कपाळाला आठी पडते, आणि पडायलाच हवी. इथे मात्र मुलीने आपल्या वाट्याचा पैसा कुठे घालायचा हे स्वतः ठरवलेलं दिसतं. लग्न १८७२ मध्ये झालं. तिच्या जन्माच्या वेळी वडिलांनी घरच्या बायबलमध्ये ‘दुर्दैवाने पुन्हा मुलगीच’ अशा अर्थाची नोंद केली होती, असं सांगतात. ही नोंद पुढे तिच्या वाचनात आली म्हणे. खरंखोटं बायबललाच ठाऊक.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझने आपल्या तीन चाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट क्रमांक ३७४३५. एका सिलिंडरचं, पाऊण अश्वशक्तीचं इंजिन. आपल्या घरातलं मिक्सर जेवढी वीज खातं, जवळपास तेवढीच ताकद! गाडी चालायची, पण ती घेणार कोण? लोक हसायचे, घोडे बुजायचे. आणि कार्लचा स्वभाव असा, की यंत्र अजून पुरतं झालेलं नाही म्हणून त्यात खुडबूड करत बसायचं.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी पहाटे बर्थाने दोन मुलांना, ऑयगेन आणि रिखार्डला, बरोबर घेतलं, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि माहेरचा रस्ता धरला. मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. इतक्या लांबवर मोटारीने त्याआधी कुणीही गेलेलं नव्हतं. बेंझ कुटुंबाच्या आठवणींतून या प्रवासाचा जो तपशील आला आहे, तो आपल्या घरच्या कुठल्याही प्रवासासारखा आहे. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. तारेचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. चढावर गाडी चढेना, तेव्हा मुलांनी खाली उतरून ढकलली. उतारावर ब्रेकचं लाकूड झिजलं, तर वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आणि वीस्लॉख गावात इंधन संपत आलं, तर औषधाच्या दुकानात शिरून लिग्रोइन मागितलं. डाग काढण्यासाठी वापरतात तो द्रव. पेट्रोलपंप नावाची गोष्ट जगात नव्हतीच. त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून मिरवतात.

संध्याकाळी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. परत आल्यावर काय काय बिघडलं ते सांगितलं, आणि चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसवला गेला. आजच्या भाषेत हे गाडीचं चाचणी-परीक्षण झालं, आणि जाहिरातही झाली. पेटंटवर मात्र नाव एकट्या कार्लचं.

दुसऱ्या बाजूला, शंभरेक किलोमीटरवर, स्टुटगार्टजवळच्या कानस्टाटला गॉटलीब डाइम्लर आणि त्याचा अनाथालयात वाढलेला जोडीदार विल्हेल्म मायबाख हे बागेतल्या काचघरात जोरात फिरणारं हलकं पेट्रोल इंजिन बनवत होते. रात्री-बेरात्री तिथे आवाज येतात म्हणून हे खोटी नाणी पाडत असावेत, असा संशय येऊन पोलिसांनी तिथे झडती घेतली, अशी गोष्ट आहे. १८८६ मध्येच त्यांनी घोडागाडीला इंजिन बसवलं. इतक्या जवळ राहून, एकाच वर्षी, एकच गोष्ट करणारे बेंझ आणि डाइम्लर एकमेकांना कधी भेटल्याची नोंद नाही. आज त्यांची नावं जोडीने घेतली जातात. डाइम्लरच्या हयातीत त्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या होत्या.

आता येलिनेक.

अडोल्फ येलिनेक हे लाइपझिगचे आणि नंतर व्हिएन्नाचे नामांकित ज्यू धर्मगुरू आणि पंडित. त्यांचा एक मुलगा गेऑर्ग, ज्याच्याबद्दल आत्ता बोललो. दुसरा एमिल, १८५३ चा. प्रत्येक विद्वान घराण्यात असतो तसा एक. अभ्यासात लक्ष नाही. रेल्वेत नोकरीला लावलं तर रात्री इंजिनांच्या शर्यती लावल्या म्हणून हाकललं, असं सांगतात. पण व्यापारात हात लावेल तिथे सोनं. पैसा मिळवून हा गृहस्थ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीसला, थाटात राहू लागला. हिवाळ्यात युरोपातले सरदार, बँकर, सगळे नीसला उतरत. एमिलने ओळखलं, की मोटार हे या लोकांचं पुढचं खेळणं आहे. तो डाइम्लरच्या गाड्या आणून विकायचा आणि शर्यतींत उतरवायचा. शर्यतीत नाव लावायचा ‘मस्य मर्सेडेस’. मर्सेडेस ही त्याची लाडकी लेक, जन्म १८८९. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ कृपा, दया. आपल्याकडच्या कृपा किंवा करुणा या नावांसारखं.

१९०० च्या मार्चमध्ये दोन मृत्यू झाले. आधी गॉटलीब डाइम्लर वारला. महिनाअखेरीस नीसजवळच्या घाटातल्या शर्यतीत डाइम्लरच्या एका गाडीला अपघात होऊन तिचा चालक, विल्हेल्म बाउअर, मरण पावला. ही गाडी उंच, आखूड आणि डोईजड होती. एमिलने कंपनीला सांगितलं : लांब, रुंद, बुटकी गाडी करा, वजन खाली आणा, इंजिन ताकदीचं बसवा. मी ३६ गाड्या घेतो, साडेपाच लाख मार्क देतो. अट एकच, नाव माझ्या मुलीचं. पैशाला नाही कोण म्हणणार? मायबाखने गाडी केली. ३५ अश्वशक्तीची. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकलं.

आपण आज जिला मोटार म्हणून ओळखतो, ती दिसायलासुद्धा इथून सुरू होते. त्याआधीच्या गाड्या घोडा सोडलेल्या बग्गीसारख्या होत्या. मर्सिडीज बग्गी राहिली नाही. १९०२ मध्ये नावाची रीतसर नोंदणी झाली, आणि १९०३ मध्ये एमिलने आपलं आडनावच बदलून येलिनेक-मर्सेडेस करून घेतलं. मुलीला बापाचं नाव लागतं. इथे बापाने मुलीचं लावलं.

या मुलीचं पुढे काय झालं? दोन लग्नं झाली. पहिल्या महायुद्धाने घरचा पैसा धुऊन नेला. बाप १९१८ मध्ये जिनिव्हात वारला. फ्रेंचांना तो शत्रूचा हेर वाटत होता आणि ऑस्ट्रियन लोकांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. मर्सेडेस १९२९ मध्ये व्हिएन्नात गेली, चाळिशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी कार्ल बेंझ वारला आणि वर्षाच्या शेवटी मायबाखही. गाडीत आणि कंपनीत या मुलीचा काहीही हात नव्हता. तिच्याकडून फक्त नाव घेतलं गेलं.

मधला काळ भराभर ओलांडू. १९०९ मध्ये तीन टोकांच्या ताऱ्याची नोंदणी झाली. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींत आपली इंजिनं चालावीत, हा त्याचा अर्थ. डाइम्लरने पूर्वी बायकोला पाठवलेल्या चित्रावर आपल्या घरावर असाच तारा काढला होता, ती आठवण त्याच्या मुलांनी काढली. पहिल्या युद्धानंतर जर्मनीत चलनाचा कागद झाला, गाड्या कोण घेणार? बँकांच्या रेट्याने दोन्ही कंपन्या जवळ आल्या आणि १९२६ च्या जूनमध्ये डाइम्लर-बेंझ झाली. डाइम्लरचा तारा बेंझच्या लॉरेलच्या पानांच्या वर्तुळात बसला. गाडीचं नाव मर्सिडीज-बेंझ.

इथून पुढचा भाग सांगणं आम्हाला जड जातं, पण तो टाळून मर्सिडीजचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात आम्हाला भर घालायची नाही.

हिटलरला या गाडीचं वेड होतं. १९२४ मध्ये तुरुंगात असतानाच त्याने म्यूनिकच्या बेंझच्या विक्रेत्याला, याकोब वेर्लिनला, गाडीच्या खरेदीबद्दल पत्र लिहिलं होतं. हाच वेर्लिन १९३३ नंतर कंपनीच्या संचालक मंडळावर आला. उघड्या प्रचंड मर्सिडीजमध्ये उभा राहून हात उंचावणारा हिटलर, हे चित्र जगाच्या डोळ्यांत रुतलेलं आहे. आता विचार करा. गाडीच्या नाकावर नाव कुणाचं? एका ज्यू धर्मपंडिताच्या नातीचं. ते नाव कुणी काढलं नाही. ‘मर्सिडीज’ आता कुणाचं नावच उरलं नव्हतं, नुसती खूण झाली होती. आणि १९३५ मध्ये हायडेलबर्गच्या विद्यापीठातून वाल्टर येलिनेक यांना काढून टाकण्यात आलं. कायद्याचे प्राध्यापक, गेऑर्ग येलिनेकांचे चिरंजीव, म्हणजे त्या मर्सेडेसचे सख्खे चुलतभाऊ. कारण एकच, ज्यू वंश. गाडीवरचं आडनावाशिवायचं नाव चाललं. आडनावासकट जिवंत माणूस चालला नाही.

नाव पुसण्याचा प्रकारही झाला. व्हिएन्नात सीगफ्रीड मार्कुस नावाचा ज्यू संशोधक होता. पेट्रोलवर चालणारी गाडी त्याने आधी केली, असं ऑस्ट्रियात मानत. १९४० मध्ये जर्मन प्रचार मंत्रालयाने कळवलं, की यापुढे विश्वकोशांत मोटारीचे जनक म्हणून मार्कुसचं नाव न देता डाइम्लर आणि बेंझ यांची द्यावीत. व्हिएन्नातला त्याचा पुतळाही हलवला गेला. यातला दैवदुर्विलास असा, की नंतरच्या संशोधनाने मार्कुसची मुख्य गाडी १८८८ च्या आसपासची ठरली. म्हणजे बेंझला पहिलेपणासाठी कुणाला पुसायची गरजच नव्हती. खरं ते खोट्या मार्गाने सिद्ध केलं, की खऱ्यालाही डाग लागतो.

शर्यतींतल्या चंदेरी गाड्यांबद्दल कुणी विचारेल म्हणून एवढंच सांगतो. १९३४ मध्ये गाडी एक किलोने जड भरली म्हणून रातोरात पांढरा रंग खरवडला आणि खालचं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम दिसलं, ही कथा फार गोड आहे. पण त्या शर्यतीला ती वजनाची मर्यादाच लागू नव्हती, असं इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे. सरकारी अनुदान मात्र खरं होतं.

आणि मग युद्ध. कारखाने ट्रक आणि विमानांची इंजिनं बनवू लागले. जर्मन कामगार आघाडीवर गेले, त्यांच्या जागी कोण? कंपनीने पुढे स्वतःच प्रसिद्ध केलेला आकडा सांगतो : १९४४ मध्ये ६३,६१० कामगार होते, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे सक्तीने आणलेले परदेशी नागरिक, युद्धकैदी किंवा छळछावणीतले बंदी होते. बर्लिनजवळच्या गेन्सहागेनच्या विमान-इंजिन कारखान्यात राव्हेन्सब्रुकच्या छावणीतून आणलेल्या स्त्रिया राबत होत्या. ही १९४४ च्या अखेरची गोष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात लाडेनबुर्गला बर्था बेंझ वारली. दोनच दिवस आधी, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्लस्रूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला सन्माननीय सिनेटर केलं होतं. ज्या तंत्रशाळेत नवरा शिकला तिचाच हा सन्मान, नवऱ्याच्या मागे पंधरा वर्षांनी.

आम्ही हे दोन प्रसंग शेजारी ठेवतो तेव्हा आमचे काही स्नेही म्हणतात, तुम्ही उगाच खुनशीपणा करता, एवढ्या सुंदर वस्तूचा आनंद घेऊ द्या की. त्यांना आमचं सांगणं असं : आनंद घ्या, पण आपण कशाने भारावलो आहोत हे जरा तपासून पाहू.

मराठीत एक शब्द आहे, प्रतिष्ठा. मर्सिडीज म्हणजे प्रतिष्ठा, असं आपण सहज म्हणतो. पण आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द आहेत. एकच शब्द दोन गोष्टींना. एक प्रतिष्ठा दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. शेजारी पाहतो, म्हणून ती आहे. शेजारी सगळे आंधळे झाले, तर ती गेली. दुसरी कुणी पाहो न पाहो, माणूस म्हणून जन्मला त्याला आहेच. कांटने हा भेद स्वच्छ मांडला : ज्याची किंमत असते त्याच्या जागी त्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं, ज्याची प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही. गेन्सहागेनमध्ये काय झालं? एक बाई गळाठली की दुसरी आणायची. माणसाला किंमत लावली गेली आणि यंत्राला प्रतिष्ठा मिळाली. दोन्ही शब्दांनी जागा बदलल्या.

बरं, ही ओढ मग येते कुठून? केवळ दिखाऊपणातून येते, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कारण या गाडीत खरं काहीतरी आहे. बेला बारेनी हा इंजिनिअर घ्या. तोपर्यंत समज असा, की गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित. बारेनीने उलटं सांगितलं : गाडीचा पुढचा आणि मागचा भाग चेपू द्या, धक्का त्यांनी खावा; मधला, माणसांचा भाग तेवढा घट्ट ठेवा. पन्नाशीच्या सुरुवातीला पेटंट घेतलं आणि १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ते उतरलं. पुढे १९७८ मध्ये चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक, १९८१ मध्ये एअरबॅग. आज आपल्या मुलाबाळांच्या साध्या गाड्यांतही ही कल्पना आहे. माणूस वाचावा म्हणून वस्तूने मोडायचं, हे कांटला पटलं असतं. ते त्याच कारखान्यांतून आलं ज्यांच्याबद्दल आत्ता बोललो, आणि बारेनी १९३९ पासून तिथेच नोकरीला होता. हा गुंता आम्हाला सुटलेला नाही. सोडवल्याचा आवही आम्ही आणत नाही.

चुका युद्धानंतरही झाल्या. १९५५ च्या ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी उडून प्रेक्षकांत घुसली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या वर्षअखेरीस कंपनी शर्यतींतून बाहेर पडली, ती कित्येक दशकं. १९९७ मध्ये त्यांची नवी छोटी गाडी स्वीडनमधल्या चाचणीत, समोर रानटी सांबर आल्यासारखी वळवली, तर चक्क उलटली. पूर्व जर्मनीची खटारा म्हणून हिणवली जाणारी ट्राबांट त्याच चाचणीत उभी राहते, हे दाखवून लोकांनी हौस भागवून घेतली. कंपनीने गाड्या परत घेऊन दुरुस्त केल्या.

आणि गंमत पाहा, जर्मनीत ही गाडी टॅक्सी आहे! स्टेशनबाहेर फिकट हस्तिदंती रंगाच्या मर्सिडीज रांगेने उभ्या असतात. स्टुटगार्टच्या संग्रहालयात ग्रीसच्या एका टॅक्सीवाल्याची डिझेल गाडी ठेवली आहे, ४६ लाख किलोमीटर धावलेली. म्हणजे मायदेशी भरवशाचं यंत्र, आणि परदेशी सिंहासन. पूर्व आफ्रिकेत स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या नव्या बड्यांसाठी लोकांनी स्वाहिलीत एक शब्द केला, ‘वाबेंझी’. जसं कुठल्या जमातीचं नाव असावं तसं : बेंझवाले लोक. असा शब्द आपल्याकडे कुणी केला नाही, याचं आम्हाला नवल वाटतं. जॅनिस जॉप्लिन या अमेरिकन गायिकेने १९७० मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, देवाकडे मर्सिडीज मागणारं एक उपहासाचं गाणं म्हटलं. ती स्वतः चालवायची पोर्श. पुढे कंपनीने तेच गाणं आपल्या जाहिरातीत वापरलं. उपहास गिळून ढेकर देण्याचं सामर्थ्य प्रतिष्ठेत असतं.

आमच्या पिढीला मात्र मर्सिडीज भेटली ती ट्रकच्या रूपात. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा १९५४ मध्ये करार झाला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. घाटात एस.टी.च्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं की समोरून चढत येणाऱ्या ट्रकच्या नाकावर तो तारा दिसायचा. उसाचा, कांद्याचा, खताचा ट्रक. १९६९ मध्ये करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचं ‘टी’ आलं. ट्रक तोच, ड्रायव्हर तोच. मग १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी पुण्यात स्थापन झाली, १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना झाला. पहिली गाडी आपल्याकडे आली, त्याच वर्षी जर्मनीत तिच्या जागी पुढचं मॉडेल बाजारात आलं होतं, हे जाता जाता. चाकणच्या कांद्याच्या बाजारापलीकडे आता त्या गाड्या तयार होतात. तिथे जे हात त्या जोडतात, त्यांच्यापैकी कुणाच्या दारात ती उभी राहते, हा प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा लोक म्हणतात, सर, असंच असतं. बघा, येलिनेकांचं वस्तुस्थितीचं नियामक सामर्थ्य!

आता कंपनीने आपल्या भूतकाळाचं काय केलं, हेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. १९८६ मध्ये मोटारीची शताब्दी साजरी झाली, त्या सुमारास कंपनीने नाझी काळावर एक अभ्यास करवून घेतला. तो फार सौम्य आहे, अशी टीका झाली आणि पुढच्याच वर्षी टीकाकारांनी आपला वेगळा जाडजूड ग्रंथ काढला. १९८८ मध्ये कंपनीने दोन कोटी मार्क दिले. १९९४ मध्ये सक्तमजुरीवर स्वतंत्र, मोठं संशोधन प्रसिद्ध झालं, कंपनीचे दप्तरखाने उघडून. उशिरा झालं, आणि बाहेरून रेटा आल्यावर झालं. तरी झालं. आपल्याकडच्या जुन्या उद्योगघराण्यांपैकी, संस्थानांपैकी कितींनी आपली दप्तरं अशी उघडली, हे ज्याचं त्याने आठवावं.

वाल्टर येलिनेक युद्धातून वाचले. १९४५ नंतर हायडेलबर्गला आपल्या जागेवर परत आले आणि हेसे राज्याच्या १९४६ च्या संविधानाच्या घडणीत त्यांचा सहभाग होता.

नव्वदच्या दशकात एका चर्चासत्रासाठी आम्ही हायडेलबर्गला गेलो होतो. आपल्या खंडोबावर, धनगरांवर आयुष्य खर्चणारे सोंथायमर याच विद्यापीठातले. ते तेव्हा हयात नव्हते, पण तिथे मराठी जाणणारी माणसं भेटली. एक दुपार मोकळी मिळाली तेव्हा आम्ही आगगाडीने वीस्लॉखला गेलो. स्टेशनपासून गाव लांब, म्हणून टॅक्सी केली. अर्थातच हस्तिदंती मर्सिडीज. आयुष्यात पहिल्यांदाच बसलो तिच्यात, सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर, आणि तेही मीटरवर. चालक वयस्कर, मूळचा तुर्कस्तानचा. आम्ही आमच्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, मर्सिडीज हे नाव कुणाचं, ठाऊक आहे का? तो म्हणाला, असेल कुणा मालकाची बायको.

औषधाच्या दुकानापाशी एक स्मारक आहे. आम्ही उतरलो, तसा तोही उतरला. तीस वर्षं याच भागात टॅक्सी चालवत होता, पण तिथे थांबून कधी वाचलं नव्हतं म्हणाला. त्याने सावकाश वाचलं, मग आमच्याकडे वळून म्हणाला, म्हणजे पहिली ड्रायव्हर बाई होती? आम्ही हो म्हटलं. तो गाडीकडे परत गेला, आत वाकला आणि म्हणाला, मीटर बंद केलाय, बघा तुम्ही निवांत.

इथे थांबतो आम्ही.